अंबाड्यात मुरलेल्या सुया

हुरड्याचे दिवस आले की माझे हात शिवशिवायला लागतात. पौषातलं गार वारं सुटलेलं असतं, मागच्या अंगणात कुणीतरी शेकोटी केलेली असते, कोवळ्या कणसांचा भाजका वास खिडकीतून आत येतो आणि मी उगाच घरभर बघत फिरते, एखादी कानस कुठं पडलीय का, मुठीत मावेल असा लाकडाचा तुकडा कुठं सापडतोय का. सूनबाई म्हणतात, "आई, आता कशाला तो उद्योग? बोटं थरथरतात तुमची." थरथरू देत की! ऐंशी वर्षं राबलीत ती, त्यांनी आता थरथरूसुद्धा नये का?

लोकांना हंगाम आठवतात ते पिकापाण्यावरून, नाहीतर घरातल्या लग्नकार्यावरून. मला एक हंगाम आठवतो तो हाताच्या तळव्यांवरून. शिसवीचा काळसर भुसा नखांत, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा. अंगठ्यावर कानशीचे ओरखडे. आणि छातीत सारखी धडधड, चांगली, आनंदाची, परीक्षेचा पेपर सोपा आल्यावर होते तसली. काय करत होतो आम्ही? सुया करत होतो. क्रोशाच्या, लाकडाच्या, हातानं. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. त्या सुयांवर एका बाईचा सगळा पुढचा जन्म टांगलेला होता.

लढाईचं चौथं की पाचवं वर्ष असेल. रॉकेल रेशनवर, साखर रेशनवर, मोटारी कोळशावर. मी सतरा वर्षांची, मिरजेला आत्याकडं राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होते. आमचं गाव सांगलीच्या पलीकडं, कृष्णेच्या काठी, घरी ऊस आणि हळद. आत्याचं मिरजेत किराणाचं दुकान आणि दुकानामागं घर. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, दुकानात असायचे आणि आत्या क्रोशात. ती एकटीच नव्हे, त्या काळात मिरज-सांगलीच्या साऱ्या बायकांना क्रोशानं झपाटलं होतं. दारावर क्रोशाचं तोरण, ट्रंकेवर क्रोशाचा रुमाल, तान्ह्याला क्रोशाचं टोपडं. रुखवतात क्रोशाचं काही नसलं तर मुलीला काही येत नाही असं खुशाल समजायचे लोक! आणि नेमक्या त्याच वेळी बाजारातून सुया गायब झाल्या. त्या पोलादी सुया यायच्या विलायतेहून, आणि विलायतेला आता सुयांपेक्षा तोफा करायच्या होत्या. आमच्या गल्लीत सगळ्यांत मिळून एकच सुई उरली, तीही आत्याची. सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं. शेवटी ती एकीच्या हातून आडात पडली. आत्यानं त्या दिवशी जेवण सोडलं नाही एवढंच.

आत्याच्या घरासमोर कासमचाचांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब पडवी, तिच्यात ते आणि त्यांचे दोन भाऊ तंबोरे आणि सतारी करायचे. वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली सरसाचा आणि चपड्याच्या लाखेचा वास, आणि कोपऱ्यात तासून उरलेल्या तुकड्यांचा ढीग. तंबोऱ्याच्या खुंट्या शिसवीच्या असायच्या, त्यांचे बोटभर तुकडे तिथं पडलेले. मी एक उचलला.

"चाचा, ह्याची क्रोशाची सुई होईल?"

"होईल की. पण करायला कोण बसणार? मी का तू?"

"मी."

"मग न्हाई होणार," असं म्हणून त्यांनी हसत हसत मला कानस दिली.

पहिली मोडली. दुसरी मोडली. मी दात-ओठ खात तिसरी घेतली, तीही आकडीशी आली आणि कट्कन तुटली. चाचा तारा लावत होते, मान वर न करता म्हणाले, "बेटी, आधी लाकडाचा धागा बघ. धागा जिकडं जातोय तिकडं दांडा धर. आडव्या धाग्यावर खाच मारलीस तर मोडणारच. आणि गुराला ढकलल्यागत ढकलू नको त्याला." सात सुया मोडल्या. आठवी राहिली. मी ती घेऊन रस्ता ओलांडला तो पळतच. आत्यानं सूत घेतलं, एक साखळी घातली, दोन घातल्या, दहा घातल्या आणि ओरडलीच, "आगं बाई! चालालीय की गं ही!"

चालालीय! त्या एका शब्दानं मला जे काय झालं ते मॅट्रिक पास झाल्यावरही झालं नाही. खरं सांगायचं तर ती नुसती चालत नव्हती, पोलादी सुईपेक्षा बरी चालत होती. विलायती दोऱ्याचे गुंडेही तेव्हा मिळेनासे झाले होते, बायका चरख्यावर कातलेलंच सूत वापरायच्या. ते जाडंभरडं, पीळ सैल. पोलादाची टोकदार आकडी त्या सुताच्या चिंध्या करायची. लाकडाची बोथट आकडी मात्र सूत अख्खं उचलायची. हे आम्हाला आधी कळलं असतं तर विलायतेकडं कशाला डोळे लावून बसलो असतो!

त्याच आठवड्यात हौसा आली.

हौसा म्हणजे आमच्या गावातल्या गणूतात्यांची सून. आमच्या उसाला लागूनच त्यांचं रान. वय असेल वीस-एकवीस. नवरा लष्करात, ब्रह्मदेशाकडं गेला आणि तिकडंच कामी आला. पेन्शनीचे कागद अजून कुठल्या कुठल्या कचेरीत फिरत होते. सासऱ्याबरोबर गूळ घालायला ती आत्याच्या दुकानी यायची. त्या दिवशी तात्या दुकानात बोलत बसले आणि ही मागं येऊन पायरीवर टेकली. आत्यानं सहज विचारलं, "कशी हाईस गं?" तर ही बोलायलाच लागली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

"आत्याबाई, आखाडात आमच्या शेजारनीला गाडीत घालून हितं दवाखान्यात आणाय निघालो हुतो. रात सारी कळा देत हुती. मिरज दोन कोसांवर ऱ्हायली आन गेली ती. बाळ आडवं हुतं म्हनं. मला ठावं असतं तर काय तरी केलं असतं. ठावं न्हवतं. म्या नुस्ती तिचा हात धरून बसले." मग म्हणाली, "मला ते शिकायचं हाय."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण देत होते, हे तिनं काढलं होतं शोधून. चौथी पास असली की घ्यायचे, आणि हौसा चौथी पास होती. पण दीड वर्ष तिथं राहायचं, जेवणखाण, पांढरी लुगडी, पुस्तकं, सगळा खर्च आपला. माघात नवी तुकडी भरायची होती. सासऱ्यापाशी तिनं हे काढलं होतं. तात्या काही दुष्ट माणूस नव्हे. तरणा मुलगा गेलेला, घरात तरणी सून, लोक चार तोंडांनी बोलायचे. यमाई त्यांचं कुलदैवत. दर पौषात ते औंधाला जत्रेला जायचे, आणि यंदाच्या जत्रेत खटावकडचा एक बिजवर हौसाला बघायला येणार होता. पाट लावून द्यायचं चाललं होतं. तात्या म्हणाले होते, "जत्रंपतोर पैक्याची सोय झाली तर जा. म्या आडवा येत न्हाई. न्हाई झाली तर गुमान मांडवात बसायचं."

म्हणजे जेमतेम दीड महिना. सगळा मार्गशीर्ष आणि पौषातला पंधरवडा.

माझ्या हातात ती आठवी सुई होती! मी म्हटलं, "आपण सुया करून विकू." लगेच आत्या म्हणाली, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मॅट्रिकचा अभ्यास कोण करणार, तुझा बाप?" पण म्हणतानाच ती पदर खोचायला लागली होती. मिरजेच्या बायकांचं मंडळ होतं, तिथं ती दुसऱ्या दिवशी जाऊन भांडली. मंडळानं ठरवलं, सुईणीचा निधी काढायचा, दर साली एका खेड्यातली एक बाई शिकवायची. पहिली हौसा. अर्धा भार मंडळ घेणार, अर्धा सुयांनी उचलायचा.

आणि मग काय गंमत झाली म्हणून सांगू! आत्याचं अंगण म्हणजे दुसरा कारखानाच झाला. माझ्या वर्गातल्या पोरी, गल्लीतल्या बायका, गूळ घालायला आली की हौसा. एकीनं तुकडे चिरायचे, एकीनं दांडा गोल करायचा, आकडी मात्र मी आणि हौसानं. हौसाचा हात चाचासुद्धा आपलं काम थांबवून बघायचे. ती खाच मारायच्या आधी डोळे मिटून अंगठ्यानं लाकूड चाचपायची. मापाला नंबर-बिंबर नव्हते आमच्याकडं. टोक किती जाड? बाजरीएवढं, ज्वारीएवढं, हरभऱ्याएवढं. टोपड्याला ज्वारीची सुई घे, स्वेटराला हरभऱ्याची. आज दुकानात सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात. वाचून मला काहीच कळत नाही. हरभरा म्हणा, लगेच कळेल.

शेजारच्या घरात सगुणाकाकू राहायच्या, दीर-जावेकडं. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी वैधव्य. तांबडं लुगडं, पदराखाली केस काढलेलं डोकं. वय पंचेचाळीस असेल. त्या रोज दोन घरांच्या मधल्या दारात उभ्या राहून बघायच्या. या म्हटलं तर "नको गं, मला कुठं येतंय" म्हणायच्या, पण हलायच्याही नाहीत. हौसाकडं बघायच्या, सारख्या.

पंधरा दिवसांत दोन डालगी भरून सुया झाल्या. त्या बघून चाचांना राहवेना. म्हणाले, "पोरींनो, एवढं केलंत, आता अशा कोऱ्या लाकडाच्या विकणार काय? लोक म्हणतील, चाचाच्या दारातनं गेल्या आणि नागड्या गेल्या. पॉलिश माझ्याकडनं." आणि खरोखर त्यांनी आपलं तंबोऱ्याचं पॉलिश काढलं, चपड्याचं, त्यात लालसर रंग कालवलेलं. दोन दिवस तिघे भाऊ आमच्या सुयांना पॉलिश मारत बसले. अहाहा! काय दिसायच्या त्या! दोरीवर टांगल्या तर बारक्या बारक्या तंबोऱ्यांचं दुकान वाटावं. आम्ही नाचायच्या बाकी राहिलो होतो. सांगलीच्या गणपतीच्या देवळाबाहेर शंभर विकल्या, उभ्या उभ्या, एका दुपारी.

चौथ्या दिवशी आत्याच्या दारात बायका उभ्या. सहा-सात जणी, तोंडं लाल. एकीनं पिशवीतून रुखवताचं पांढरंशुभ्र तोरण काढून आत्यासमोर धरलं. त्याच्यावर तांबडे डाग, मोराच्या मानेपासून शेपटीपर्यंत. "महिनाभर डोळे फोडलेत मी ह्याच्यावर!" असं म्हणून ती बाई रडायलाच लागली. दुसरीचं सूत सुईला चिकटून बसलेलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

चाचांना बोलावलं. त्यांनी सुई हातात घेतली, मूठ आवळून धरली, थोड्या वेळानं उघडून बघितली. तळवा लाल. "तंबोऱ्याला कुणी असं घट्ट मुठीत धरून बसत न्हाई," ते म्हणाले. "मांडीवर घेतात, बोटांनी छेडतात. मी तंबोरा समजूनच मारलं गं बेटी. थंडीत वाळलंही न्हाई पुरतं." आयुष्यभर जी वस्तू केली तिचंच पॉलिश जगातल्या सगळ्या वस्तूंना चालतं, असं त्यांना वाटलं होतं. हसू नका, आपण सगळे तेच करतो. मी सतारीच्या गावात राहिले म्हणून मला ते एवढं ठळक दिसलं, इतकंच.

आत्यानं बायकांचे पैसे परत केले, तोरणवालीला नवं तोरण करून देते म्हणाली. (दिलंही. सगळ्या गल्लीनं मिळून आठ दिवसांत.) पण जत्रा उरली अठरा दिवसांवर, आणि दोन डालगी सुया रंगलेल्या. हौसा गूळ घालायला आली तेव्हा तिला सांगायचं कुणी? मीच सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "खरवडूया की. बसून का ऱ्हायलाय?"

चाचांनी दाखवलं, फुटक्या काचेच्या धारेनं पॉलिश कसं खरवडतात. गल्लीतल्या कंदिलांच्या फुटलेल्या काचा गोळा केल्या. चार दिवसांत सगळ्या सुया पुन्हा कोऱ्या. पण आता नवीनच अडचण. खरवडलेल्या लाकडाला कुसं उठली, सूत अडकायला लागलं. काचकागदानं घासल्या, तरी अडकतच होतं. खोबरेल तेलात बुडवल्या तर सूत तेलकट. पुसल्या तर पुन्हा कोरड्या ठाक. आत्या कपाळाला हात लावून बसली. हौसा सुयांसाठी आत्याकडंच मुक्कामाला राहिली होती, ती शेजारी गोधडीला टाके घालत बसली होती. घालता घालता तिनं सुई उचलून सवयीनं केसांतून फिरवली, आणि पुढचा टाका घातला. आपण सगळ्याच करतो की तसं, सुई सरकावी म्हणून! मी बघितलं. आत्यानं बघितलं. हौसाची सुई हवेतच थांबली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "लाकडाच्याबी केसांतच घालूया की!"

बास! दुसऱ्या दिवशी मिरजेच्या अर्ध्या बायकांच्या अंबाड्यांत सुया. एकीच्या दहा, एकीच्या पंधरा. वेणीवाल्या पोरींनी वेणीत विणून घेतल्या. दिवसभर केसांत, सकाळी काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं घासायच्या, पुन्हा खोचायच्या. केसाला लावतो तेवढंच तेल लाकडाला मिळायचं, थेंबभरही जास्त नाही. बाजारात पुरुष चिडवायचे, "काय वहिनी, डोक्यावर चूल मांडली काय, एवढं सरपण?" मामा रोज आत्याला म्हणायचे, "आज रात्री डोकं जपून ठेव, माझ्या डोळ्यात घालशील." शाळेत बाईंनी मला वर्गात उभं करून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "बाई, मुरायला ठेवल्यात." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा, आणि मग त्यांनी चार सुया मागून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सगुणाकाकू मधल्या दारातून आत आल्या. आल्या म्हणजे उंबरा ओलांडून, पहिल्यांदाच. सगळ्यांच्या डोक्यांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "माझ्याकडं केस नाहीत. मी काय करू?" दोघीतिघींनी पटकन अंबाड्यावर पदर ओढले. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. हौसा उठली, तिनं धोतराचं फडकं आणि सुयांची मूठ त्यांच्या हातात दिली. "काकू, घासायला हात पायजेत. केसांपरीस घासण्यालाच जास्त माणूस लागतंय." काकू बसल्या. त्या दिवसापासून सकाळी सकाळी सगळ्या गल्लीच्या सुया त्यांच्या पुढ्यात येऊन पडायच्या, आणि त्या एकेक घासून, गालाला लावून बघायच्या. कुसळ लागलं तर बाजूला काढायच्या. गालाला लागत नाही ती सुताला लागत नाही, हा त्यांचा नियम.

त्या सुयांसारखी सुई मी पुन्हा कधी हातात धरली नाही. ती चमकत नव्हती. पण हातात घेतली की ऊबदार वाटायची, सूत तिच्यावरून घसरायचं ते असं की विणणारीला आपला हातच हुशार झाल्यासारखं वाटायचं.

औंधाला आम्ही आगगाडीनं रहिमतपुरापर्यंत आणि पुढं कोळशाच्या मोटारीनं गेलो. चढाला ती मोटार थांबायची, ड्रायव्हर उतरून भट्टीत कोळसा ढोसायचा, आम्ही उतरून ढकलायचो. आत्या, मी, हौसा आणि सुयांची डालगी. तोंडं काळी झालेली, घसे ओरडून बसलेले. यमाईच्या मूळपीठाचा डोंगर दिसला तेव्हा हौसानं हात जोडले. तात्या आधीच बैलगाडीनं पुढं गेले होते.

जत्रेत जागा मिळाली बांगड्यांच्या दुकानाशेजारी. पाल लावलं, सुया मांडल्या आणि सकाळ सगळी तशीच गेली. माणदेशातल्या, खटावातल्या बायका यायच्या, सुई उचलायच्या. "हे काय वं, दात कोरायचं?" "डोस्क्यात खोवायचं?" क्रोशा त्यांच्या गावात पोचलाच नव्हता! मिरजेच्या येडाला आम्ही साऱ्या जगाचं येड समजून बसलो होतो. चाचांना नावं ठेवली, आणि आम्हीही तेच केलं. दुपार झाली. विकल्या गेल्या फक्त तीन. पालाच्या पलीकडं तात्या आणि तो खटावचा पाहुणा चहा पीत बसलेले आम्हाला दिसत होते. गुलाबी फेटा, पन्नाशीची मिशी.

तेव्हा हौसानं पालातून उठून बाहेर पटकूर टाकलं, भर रस्त्यात. मांडी घातली, सूत घेतलं, आणि टोपडं विणायला लागली. कुणाला बोलावणं नाही, काही नाही. बायका थांबल्या. एक गोल झाला, दुसरा झाला, मुठीएवढं टोपडं आकाराला यायला लागलं, तशी गर्दी वाढली. एक पोटुशी पोर पुढं वाकून बघत होती. हौसानं मान वर न करता विचारलं, "कितवा?" "आठवा." "पाय सुजत्यात?" "लय सुजत्यात." "मीठ कमी खा. आन मिरजंला दवाखान्यात दावून घे, ऐकलंस? घरी बसू नगंस." दुसरीनं विचारलं, "आवं, तुमी सुईण हाय का?" हौसाचा हात थांबला. "न्हाई अजून," ती म्हणाली. "हुनार हाय. ह्या सुया इकल्या तर."

मग आत्याच्या अंगात वारं शिरलं! ती पालातून बाहेर येऊन उभी राहिली आणि किराणा दुकानदारणीच्या आवाजात सुरू झाली. बाळंतपणात बायका कशा जातात, ही पोर कुठं चाललीय, सुई घेतलीत तर कुणाच्या लेकीच्या कामी येईल. मी विणून दाखवतेय, हौसा विणून दाखवतेय, टोपड्यावर टोपडी. लष्करात गेलेल्या नवऱ्यांच्या बायका, सासवा, माहेरवाशिणी. "मला ज्वारीची द्या." "माझ्या नणंदंला हरभऱ्याची." एका म्हातारीनं सुई घेतली, पैसे दिले आणि सुई परत ठेवून गेली. "मला कुटं दिसतंय इनायला," म्हणाली. "त्या पोरीला जाऊ दे." एका तासात पहिलं डालगं रिकामं. दुसऱ्यात हात घातला तेव्हा मी रडत होते आणि हसतही होते, आणि सुट्टे पैसे देताना चुकतही होते.

गर्दी बघून तात्या आले, मागं तो पाहुणा. तात्यांना वाट मिळेना. एका खमक्या बाईनं विचारलं, "तुमी कोन?" "तिचा सासरा." झालं! बायकांनी त्यांनाच घेरलं. "कवा येनार तुमची सून शिकून? आमच्या वाडीला धाडाल का?" "आमच्या वाटंनं गाडी जात न्हाई, घोड्यावर येईल का वं ती?" "माझी धाकटी पुढल्या साली बाळतीन हुईल, तवर होतंय का बघा." तात्या एकेकीकडं बघत होते. ज्या सुनेला घरात ठेवावी का घालवावी म्हणून त्यांची झोप गेली होती, तिला अख्खी जत्रा मागत होती. त्यांनी फेटा काढून तोंड पुसलं, आणि मागं वळून पाहुण्याला म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नगा. पोरगी आता मोकळी न्हाई."

पाहुणा दिलदार निघाला. जाताना एक हरभऱ्याची सुई घेऊन गेला. कुणासाठी, देव जाणे.

सुयांच्या वाट्याचा अर्धा खर्च जत्रेतच भरून निघाला होता. माघ लागला आणि हौसाला दवाखान्यात पोचवायला आम्ही निघालो. तात्या, आत्या, मी, कासमचाचा, वर्गातल्या पोरी, मंडळातल्या बायका. निम्मी गल्लीच. सगुणाकाकूंना मात्र घरातून कुणी सोडलं नाही, त्या मधल्या दारात उभ्या होत्या. वाटेत सगळ्या हौसाला काही ना काही सांगत होत्या. मी मनात ठरवून ठेवलं होतं, फाटकाशी ती वळेल, आपल्याकडं बघेल, मग आपण पळत जाऊन तिला मिठी मारायची. दोन महिने हात सोलून घेतले होते मी, एवढं तर माझं होतंच!

फाटकाशी तिनं तात्यांच्या पाया पडल्या पडल्या पिशवी उचलली. आतून एका नर्सनं "चला" म्हटलं. आणि ही बया निघाली ती तरातरा. अंगण ओलांडलं, पायऱ्या दोन दोन करत चढली आणि दारातून आत गेली. वळली नाही. एकदासुद्धा नाही. तात्या फाटकाचे गज धरून उभे राहिले. आत्या डोळे पुसत होती. मला मात्र इतका राग आला, इतका राग आला, की परत येताना मी कुणाशी बोलले नाही. आपण कुणासाठी मरमर मरायचं, आणि त्या माणसानं एक नजरसुद्धा टाकू नये!

घरी आलो तर सगुणाकाकू अजून दारातच. मला एकटीला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "गेली?"

"गेली."

"वळून बघितलं का गं तिनं?"

"नाही!" मी फणकाऱ्यानं म्हटलं. "एकदासुद्धा नाही!"

काकूंनी डोळे मिटले. "मग पोचली," त्या म्हणाल्या. आणि तोंडावर पदर न धरता खळखळून हसल्या. इतकी वर्षं शेजारी राहून आत्यानंही त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. आतून जाऊबाई काय झालं म्हणून विचारत होत्या आणि काकू हसतच होत्या, आणि मग मीही हसायला लागले.